केबिन तापन व्यवस्था (अवजड वाहनांतील)

ट्रक, ट्रेलर, टिपर अशा अवजड वाहनांत चालकाची केबिन उबदार आणि पुढची काच कोरडी ठेवणारी व्यवस्था. तिच्यासाठी वेगळे इंधन सहसा लागत नाही. डिझेल इंजिनात जळालेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्केच चाकांकडे जाण्याजोगी असते. उरलेली बहुतेक ऊर्जा सायलेन्सरवाटे आणि कूलंटमधून (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणाऱ्या द्रवातून) उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. कूलंटमधल्या त्या उष्णतेचा थोडा वाटा रेडिएटरऐवजी केबिनकडे वळवायचा, एवढेच हीटरचे काम.

वॉटर पंप कूलंटला सिलिंडरभोवती फिरवतो. तिथे तापलेल्या कूलंटची एक शाखा होज पाइपातून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये येते. ब्लोअर त्याच्या पातळ पत्र्यांमधून हवा ढकलतो आणि झडपा ती पायांकडे, तोंडाकडे किंवा काचेकडे पाठवतात. डॅशबोर्डवरची मूठ काही गाड्यांत कूलंटचा प्रवाह कमी-जास्त करते, तर काहींत गरम आणि थंड हवेचे मिश्रण बदलते.

हीटरचा खरा जीव थर्मोस्टॅटमध्ये आहे. कूलंट साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापेपर्यंत हा वॉल्व्ह मोठ्या रेडिएटरची वाट उघडत नाही. गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकण्याचा जुना उपाय अनेक गॅरेजांत अजून सर्रास होतो, आणि तो चुकीचाच आहे. वॉल्व्ह गेला की इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते, झीज वाढते आणि हीटर जेमतेम कोमट फुंकतो. हीटर तापत नसेल तर निगडीच्या वाहतूकनगरीतला जाणता मेकॅनिक आधी त्याच्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहतो. आत जाणारा गरम आणि परतीचा गार असेल, तर छोटा रेडिएटर चोंदलेला असतो किंवा त्यात हवा अडकलेली असते. केबिनमध्ये गोडसर वास येऊन काचेवर तेलकट थर धरत असेल, तर कूलंट गळते आहे असे समजावे.

पुण्याच्या थंडीसाठी हीटर लागतोच असे नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास गेला तरी स्वेटर आणि मफलरवर भागते. त्याची गरज भासते ती पावसाळ्यात, बोरघाटात. चालक आणि क्लीनरचे ओले कपडे, श्वासाची वाफ आणि बाहेरून गार पडलेली काच यांमुळे आतून दव धरते. हवा गरम केली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता वाढते आणि दव सुकते. वातानुकूलन सोबत असेल तर हवा आधी गार पत्र्यांवर बाष्प सोडते, मग हीटरमधून तापून काचेवर येते. काच झटपट स्वच्छ होते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर मात्र उलटा परिणाम होतो. चढावर इंजिन जास्त तापू लागल्यास काही चालक हीटर पूर्ण चालू करतात, कारण तो रेडिएटरला हातभार लावतो. उतारावर इंजिन ब्रेक धरला की इंधन बंद होते आणि वारा कोमट होत जातो.

चाकणहून मोटारी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रेलरचालकांना रात्रीच्या मुक्कामात इंजिन बंद असतानाही ऊब हवी असते. नुसत्या हीटरसाठी मोठे इंजिन चालू ठेवले तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल जाते. त्यासाठी साधारण २ किलोवॉटचा स्वतंत्र डिझेल हीटर बसवता येतो. तो तासाला पाव लिटरच्या आसपास घेतो. त्याच्या ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. याला पर्याय म्हणून बंद केबिनमध्ये शेगडी पेटवणे जीवघेणे आहे: कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

विजेवरच्या ट्रकमध्ये कूलंटमध्ये इतकी वाया जाणारी उष्णता नसते; तिथे विद्युत तापक किंवा उष्णता पंप लागतो आणि त्याची वीज बॅटरीच्या पल्ल्यातून वजा होते.