कंपनीत पगारी रजा कशी लावायची: पात्रता, हिशेब आणि कागदपत्रं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) जाऊन विचारा, "तुमच्याकडे रजा किती?" मालक म्हणतात, "आम्ही कधी कुणाला नाही म्हटलंय?" कामगाराला विचारलं तर तो म्हणतो, "रजा कसली साहेब, खाडा पडतो." दोघंही खरंच बोलत असतात. मागेल तेव्हा सुट्टी मिळते, पण ती पगारी की बिनपगारी, किती उरली, पुढच्या वर्षी किती जाणार, याची नोंद कुठेच नसते. नोंद नसलेली रजा तपासणीच्या वेळी दिली नाही असंच धरतात. म्हणून रजा लावणं म्हणजे मुख्यतः हिशेब लावणं.

सुरुवात एका प्रश्नापासून करायची: आपल्याला कायदा कोणता लागू? गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत किंवा उद्यमनगरातल्या कारखान्यांना आधी कारखाने अधिनियम, १९४८ होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखान्यातल्या रजेचा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची परिस्थिती संहिता, २०२० च्या कलम ३२ मध्ये आला. राजारामपुरीतलं शोरूम, शाहूपुरीतलं ऑफिस, लक्ष्मीपुरीतली पेढी, हॉटेल यांना राज्याचा दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आहे आणि त्यातलं कलम १८ रजेचं आहे. तो मुळात १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. दोन-चार माणसांच्या दुकानात कलम १८ चा आग्रह धरता येत नाही, तिथे नियुक्तीपत्रात काय लिहिलंय तेच बघतात. आणि म्हणूनच लहान दुकानदारानेही नियुक्तीपत्र द्यावं, असं माझं मत आहे.

दोन्ही कायदे एकाच ठिकाणी डोकावत असतील, म्हणजे कारखाना इकडे आणि विक्रीचं ऑफिस तिकडे, तर दोन्हींतलं जे कामगाराला जास्त फायद्याचं ते सगळ्यांना लावा. वर्षाकाठी दोन-चार दिवसांचा फरक पडेल, पण एकाच मालकाच्या माणसांना दोन नियम लावल्यावर होणारी कुरबुर त्याहून महाग पडते.

पात्रता कुणाची?

कारखान्यात आधी वर्षाला २४० दिवस भरावे लागत. संहितेत ते १८० झाले. हा बदल छोटा दिसतो, पण आपल्याकडे मोठा आहे. पेरणी-कापणीला गावी जाणारे, चार महिने इकडे आणि दोन महिने तिकडे असणारे कितीतरी जण २४० ला पोचतच नसत. आता ते बसतात. दुकाने अधिनियमात मात्र अजून २४० दिवसच आहेत.

दिवस मोजताना ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकानेच बसवून ठेवलेले) दिवस, प्रसूती रजा (संहितेत २६ आठवड्यांपर्यंत) आणि घेतलेली पगारी रजा हे सगळं "काम केलं" असं धरायचं. पण फक्त पात्रतेपुरतं. त्या दिवसांवर नवी रजा जमा होत नाही. इथेच हिशेबनीस सर्रास गोंधळतात. वर्षाच्या मध्ये लागलेल्या माणसाचा नियम वेगळा आहे. तो लागला त्या तारखेपासून ३१ डिसेंबरपर्यंत जितके दिवस उरले, त्याच्या एक चतुर्थांश दिवस भरले की पुरे. १ जुलैला लागलेल्याला १८४ दिवस उरतात, म्हणजे ४६ दिवस काम झालं की तो पात्र.

"प्रोबेशनवर आहे, रजा नाही" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. कायदा दिवस मोजतो, प्रोबेशन नाही. ठेकेदारामार्फत आलेला कामगारही कारखान्यात कामगारच आहे. ठेकेदाराचं बिल पास करताना त्याच्या माणसांच्या रजेची नोंद मागून घ्या, नाहीतर शेवटी ते मूळ मालकाच्या गळ्यात येतं. मॅनेजर आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारे सुपरवायझर संहितेच्या "कामगार" व्याख्येत येत नाहीत. त्यांची रजा कंपनीच्या नियमांवर चालते, म्हणून ती नियमांत लिहून ठेवावी लागते.

किती दिवस?

हक्काची रजा, जिला सगळे पीएल म्हणतात, दोन्हीकडे २० दिवस कामामागे १ दिवस. समजा मोल्डिंगमधल्या एका कामगाराचे वर्षात २७० दिवस भरले. भागाकार १३.५. कारखाने कायद्याची पद्धत अशी की अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस धरायचा, कमी असेल तर सोडायचा. म्हणून त्याला १४ दिवस. २६८ भरले असते तर १३.४, म्हणजे १३. त्याच्या ओळीत लिहायचं: मागील शिल्लक ११, जमा १४, घेतली ६, उरली १९. ही एक ओळ प्रत्येकाच्या नावापुढे दिसली की निम्मं काम झालं.

हिशेब सोपा करायचा असेल तर एक रस्ता आहे. वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि ८ सणाच्या सुट्ट्या वजा केल्या तर ३०५ दिवस उरतात, म्हणजे पूर्ण हजेरीवाल्याची रजा १५ दिवस होते. तीस-चाळीस माणसांच्या युनिटने पात्र ठरणाऱ्याला सरसकट १५ दिवस दिले तर कमी हजेरीवाल्याला थोडं जास्त जाईल, पण भांडण मिटेल. फक्त सुट्टीच्या दिवशीही कामावर बोलावलेल्यांचा आकडा तपासा. त्यांचे ३२० भरले असतील तर त्यांना १६ लागतात.

पुढच्या वर्षी किती नेता येते? कारखान्यात ३० दिवस. त्यावरच्या रजेचे पैसे कामगार मागू शकतो, आणि वर्षअखेरीस रजेचे पैसे मागण्याची सोयही संहितेने दिली आहे. दुकाने अधिनियमात साठवण ४५ दिवसांपर्यंत. कामगाराने रजा मागितली आणि तुम्ही नाकारली, तर कारखान्यात ती नाकारलेली रजा मर्यादेबाहेर पुढे जाते. दुकानात १५ दिवस आधी मागून नाकारली असेल तर ४५ वरच्या रजेचे पैसे द्यावे लागतात. म्हणून तोंडी "नंतर बघू" म्हणणाऱ्या मालकाचंच नुकसान होतं. नकार लेखी द्या, कारणासह.

सीएल, म्हणजे किरकोळ रजा, दुकाने अधिनियमात वर्षाला ८ दिवस. ती तिमाहीला खात्यात पडते, म्हणजे दर तीन महिन्यांना २ दिवस, आणि वर्ष संपलं की विरते. तिचे पैसे मिळत नाहीत. कारखान्यात सीएल बहुतेक करारातून किंवा स्थायी आदेशातून (कारखान्याच्या मंजूर सेवाशर्तींतून) येते.

सणाच्या सुट्ट्यांचं गणित कोल्हापुरात जरा गमतीचं आहे. दुकाने अधिनियमात ८ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या पक्क्या, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू व्हायच्या आत मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. पुण्या-मुंबईची यादी उतरवून लावली की चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी अर्धं खातं रिकामं दिसतं आणि मस्टरवर खाडे पडतात. दसरा, दिवाळीचा पाडवा, गणपती विसर्जन आणि जोतिबाची यात्रा अशी चार नावं घातली तर खाडे बरेच कमी होतात. कुणी २६ जूनची शाहू जयंती मागेल, तर त्यावर बोलून घ्या. यादी डिसेंबरमध्येच कामगार प्रतिनिधींच्या सह्या घेऊन फलकावर लावा. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याने वेगळी आहे, ती या आठात धरू नका.

आजारपणाची वेगळी रजा या दोन्ही कायद्यांत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आहे. मागच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आजाराचे पहिले दोन दिवस मात्र त्यात साधारणपणे धरत नाहीत. हेच दोन दिवस सीएलमधून भरून देण्याचा नियम लिहिला तर कामगाराच्या खिशाला खड्डा पडत नाही, आणि तुम्हालाही वेगळा खर्च नाही. २१,००० च्या वरच्या स्टाफसाठी वर्षाला ५-७ दिवस आजारपणाची रजा ठेवावी. कायद्याने बंधन नाही, पण नाही ठेवली तर माणूस तापात येऊन बसतो.

प्रसूती रजा २६ आठवडे, दोन हयात मुलं असतील तर १२. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ही पीएलमधून कापायची नसते.

आता कंपनीत हे बसवायचं कसं?

आधी रजेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर ठेवा. हिशेबाच्या सोयीने एप्रिल ते मार्च धरणारे पुष्कळ आहेत, पण कायदा कॅलेंडर वर्ष मोजतो आणि तपासणीत दोन्ही आकडे जुळवताना घाम फुटतो. मग रजेचे नियम दोन पानांत मराठीत लिहा: कोणत्या रजा, किती, अर्ज किती दिवस आधी, मंजूर कोण करणार, वर्षअखेरीस उरलेल्याचं काय. इंग्रजीतली बारा पानं कुणी वाचत नाही. जुनी सवलत कमी करायची असेल, तर नुसती नोटीस चिकटवून चालत नाही. पगारी रजा आणि सुट्ट्यांमधला बदल औद्योगिक कायद्यात बदलाच्या नोटिशीच्या यादीत आहे, २१ दिवस आधी रीतसर नोटीस लागते. वाढवायची असेल तर अडचण नाही.

सुरुवातीची शिल्लक ठरवणं ही सगळ्यांत चिवट पायरी. जुनी नोंद नसेल तर मागच्या वर्षाचं हजेरीपत्रक घेऊन बसा, प्रत्येकाचे दिवस मोजा, आकडा त्याला दाखवा, पटला की सही घ्या. पटला नाही तर त्याच दिवशी मिटवा. पुढे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा भरायचा. सॉफ्टवेअरमध्ये बहुधा "महिन्याला १.२५" असं आधीच टाकलेलं असतं. ते तसंच ठेवायचं की दिवसांवर मोजायचं, हे तुम्ही ठरवायचं, सॉफ्टवेअरवाल्याने नाही. सीएल विरण्याची आणि पीएल पुढे नेण्याची मर्यादाही तपासून बघा. दर महिन्याच्या पगारपत्रकावर शिल्लक रजा छापली तर "माझी किती उरली" हे विचारायला कुणी ऑफिसात येणार नाही.

कागदपत्रं मालकाकडे ही हवीत: कारखान्याची किंवा दुकाने अधिनियमाची नोंदणी, रुजू तारखांसह कामगारांची यादी, प्रत्येकाचं नियुक्तीपत्र (संहितेत ते सक्तीचं आहे), हजेरीपत्रक, पगारपत्रक, रजेची नोंदवही, सणाच्या सुट्ट्यांची सह्या असलेली यादी, करार असेल तर त्याची प्रत. नोंदवहीचा नमुना जुन्या फाइलमधून उतरवू नका, कामगार विभागाच्या पोर्टलवरून चालू नमुना घ्या. कारखान्यांचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दुकानांचं सहायक कामगार आयुक्त कार्यालयाकडे असतं.

कामगाराने काय द्यायचं? पीएलसाठी शक्यतो १५ दिवस आधी लेखी अर्ज, त्यात तारखा आणि कारण. अर्जाची पोच घ्यायची, नाहीतर मोबाइलवर तरी पाठवायचा. आजारपणात डॉक्टरांचा दाखला, ईएसआयसी असेल तर त्यांचंच प्रमाणपत्र. प्रसूती रजेसाठी अपेक्षित तारखेचा दाखला आणि लेखी सूचना.

माणूस नोकरी सोडतो, तेव्हा उरलेल्या पीएलचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असतात, काढून टाकला असेल तरीही. "नोटीस न देता गेला, म्हणून रजा जप्त" असं करता येत नाही. वर्षाचे दिवस पूर्ण भरले नसले तरी झालेल्या कामाच्या प्रमाणात रजा निघते. कामगार वारला तर वारसाला दोन महिन्यांच्या आत. त्यासाठी मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन आणि वारसाचं बँक खातं लागतं. म्हणून नामनिर्देशनाचा कागद रुजू होतानाच भरून घ्यावा. नोकरीत असताना घेतलेले रजेचे पैसे करपात्र असतात. निवृत्तीच्या वेळी खासगी कर्मचाऱ्याला २५ लाखांपर्यंत सूट आहे.

पैसे मिळालेच नाहीत, तर कामगाराने आधी मालकाला लेखी मागणी करावी, आठ-पंधरा दिवस वाट पाहावी, आणि मग हजेरीचे व पगाराचे जे पुरावे असतील ते लावून कामगार कार्यालयात अर्ज द्यावा. वेतन संहितेत असा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, रजेच्या अर्जाची पोच हे तिन्ही जपून ठेवलेल्याचा अर्ज लवकर पुढे सरकतो.