अमेरिकेतील स्थानिक केंद्रांवरील ‘डॉक्टर हू’

बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केलेली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा-मालिका अमेरिकेत १९७० आणि १९८०च्या दशकांत पोहोचली ती शहरोशहरीच्या दूरचित्रवाणी केंद्रांमार्फत. वितरक भागांचा संच विकत असे. तो घ्यायचा का, कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या रूपात दाखवायचा, हे केंद्रच ठरवी. साहजिकच एका शहरात चालू असलेली कथा शेजारच्या शहरात येऊन गेलेली असे, किंवा यायचीच असे.

‘टाइम-लाइफ’ या वितरक कंपनीने १९७२ मध्ये, जॉन पर्टवी हा नट नायक ‘डॉक्टर’च्या भूमिकेत असलेले भाग विक्रीला काढले, पण त्यांना फारसा उठाव नव्हता. १९७८ मध्ये त्याच्यानंतर डॉक्टर झालेल्या टॉम बेकरचे ९८ भाग आले आणि मालिकेने मूळ धरले. नव्या प्रेक्षकाला कथेचा धागा सापडावा म्हणून या भागांना हॉवर्ड दा सिल्वा या नटाच्या आवाजात मागचा गोषवारा आणि पुढची झलक जोडली होती. त्यासाठी मूळ पंचवीसेक मिनिटांच्या भागाला कात्री लागे. आवाज भारदस्त खरा, पण उत्कंठेच्या ऐन जागी पुढचे सांगून टाकणारा!

मालिकेला खरा आश्रय मिळाला तो पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणी जाळ्याशी संलग्न, बिनजाहिरातीच्या केंद्रांवर. काही केंद्रे आठवडाभर रोज एक भाग लावत, तर काही आठवड्याअखेरीस रात्री अख्खी कथा सलग दाखवत. सलग आवृत्तीत मधल्या श्रेयनामावल्या गाळल्या जात; चार भागांचा मिळून दीड तासाचा चित्रपटच होई. देणगी-मोहिमेच्या काळात कथा मध्येच थांबवून प्रेक्षकांकडे पैसे मागितले जात आणि फोन घ्यायला अनेकदा चाहतेच बसत. शिकागोचे डब्ल्यूटीटीडब्ल्यू हे यातले ठळक केंद्र. विसाव्या वर्धापनदिनाचा ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ हा विशेष भाग तेथे आणि इतर काही केंद्रांवर २३ नोव्हेंबर १९८३ रोजी दाखवला गेला. ब्रिटिश प्रेक्षकांना तो दोन दिवसांनी मिळाला.

याच केंद्रावर २२ नोव्हेंबर १९८७च्या रात्री ‘हॉरर ऑफ फँग रॉक’ ही मालिकेतली कथा चालू असताना कोणीतरी प्रक्षेपणाचा ताबा घेतला. मॅक्स हेडरूम या दूरचित्रवाणीवरच्या काल्पनिक पात्राचा मुखवटा घातलेली व्यक्ती डोलणाऱ्या पत्र्यासमोर सुमारे दीड मिनिट बरळत राहिली. प्रक्षेपक सिअर्स टॉवर या शहरातल्या गगनचुंबी इमारतीवर होता आणि तेथे त्या वेळी कोणी तंत्रज्ञ नव्हता, त्यामुळे केंद्राला काहीच करता आले नाही. गुन्हेगार सापडला नाही. प्रसंग उरला तो मालिका व्हीसीआरवर उतरवून घेणाऱ्या प्रेक्षकांच्या टेपांत.

घरगुती टेपांचा याहून मोठा उपयोग बीबीसीलाच झाला. पर्टवीकाळातील अनेक रंगीत मूळ फिती बीबीसीने पुसल्या होत्या. काही कथांच्या केवळ कृष्णधवल चित्रप्रती शिल्लक होत्या. अमेरिकी प्रक्षेपणावरून घरी केलेल्या ध्वनिचित्रमुद्रणातला रंग या स्पष्ट प्रतींवर चढवून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस ‘द डीमन्स’सारख्या कथा पुन्हा रंगीत करण्यात आल्या.