लेग लॉकमधील हातबचाव आणि त्याची तोड

लेग लॉकमधील हातबचाव आणि त्याची तोड : ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या झुंजीच्या खेळात पायाच्या सांध्यावर पेच (लेग लॉक) बसू लागला की बचाव करणारा खेळाडू हल्लेखोराचे मनगट, बाही किंवा कॉलर धरून तो अडवतो. ही पकड निकामी करण्याची तंत्रे म्हणजे तिची तोड. हील हुक (टाच पिळणे), टो होल्ड (पाऊल पिळणे), नीबार (गुडघा उलटा ताणणे) आणि स्ट्रेट अँकल लॉक (घोटा ताणणे) हे यातले मुख्य पेच असून हातांची खरी झटापट हील हुकमध्ये पाहायला मिळते.

हील हुकमध्ये टाच हल्लेखोराच्या मनगटाजवळच्या हाडावर अडकते, पायाची बोटे त्याच्या काखेत दबतात आणि धड वळले की पीळ थेट गुडघ्यात जातो. बचाव करणारा उठून बसतो आणि दोन्ही हातांनी ते एकच मनगट धरून टाचेखालून बाहेर काढतो. नवशिका हल्लेखोर इथेच फसतो. तो हात जोराने मागे खेचतो, घामाने ओली झालेली टाच सटकते आणि हातात नुसती नडगी उरते. दोन हातांशी एका हाताने ओढाताण करून निभावत नाही.

तोड बहुतांशी पायांनीच होते. समोरच्याचे हात मनगटापर्यंत पोचतात ते तो पुढे झुकू शकतो म्हणून. त्यामुळे आशी गारामीत, म्हणजे समोरच्याच्या पायाभोवती आपले पाय गुंफण्याच्या स्थितीत, त्याची मांडी गुडघ्यांमध्ये आवळून, कंबर ताणून त्याला दूर ढकलतात किंवा एका कुशीवर कलंडवतात. तोल गेला की एक हात आपसूक मॅटवर टेकतो आणि पकड निम्मी होते. त्याचा मोकळा पायही अडकवला तर त्याला उठून बसणेच कठीण जाते. एवढे झाल्यावर हाताची पाळी : कोपर बरगडीला चिकटवायचे आणि मनगट त्याच्या अंगठ्याच्या फटीकडे वळवून सोडवायचे. आयबीजेजेएफ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत बोटे मागे वाकवून पकड सोडवणे हा फाउल आहे.

दुसरा मार्ग पेच बदलण्याचा. दोन्ही हात एका मनगटात गुंतले असतील तर टो होल्ड किंवा नीबारकडे वळता येते. ते वाचवायला हात हलले की पुन्हा टाच. न्यूयॉर्कमध्ये प्रशिक्षक जॉन डॅनाहर यांनी या साखळीला शिस्तबद्ध रूप दिले आणि एडी कमिंग्ज, गॅरी टोनन, गॉर्डन रायन या शिष्यांनी ती स्पर्धांत गाजवली. गी (या खेळाचा जाड कापडी पोशाख) घातलेली असताना बाही आणि कॉलरमुळे बचावाची पकड अधिक चिवट होते. स्ट्रेट अँकल लॉकमध्ये तर कॉलर धरून समोरचा वर चढून येतो, म्हणून त्याच्या कमरेवर पाऊल रोवून त्याला पाठीवरच ठेवावे लागते.

नाशिकसारख्या तालमींच्या गावात या विषयाला वेगळी बाजू आहे. कुस्तीतून आलेल्या गड्याची मनगटाची पकड दांडगी असते, पण चितपट होऊ नये ही सवय हाडात मुरलेली. त्याला पाठीकडे कलंडवले की तो मनगट सोडून आधी हात टेकतो, आणि पट काढणाऱ्याला पाय पिळला जाण्याची धास्ती मुळातच कमी असते. मल्लखांबवाल्याचे याउलट. पेशवाईत मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था आणणारे बाळंभटदादा देवधर यांची आख्यायिका नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगगडाशी जोडलेली आहे. त्या खेळात खांबाला पायांची अढी घालून अंग तोलतात, हात मोकळे राहतात. अशा खेळाडूला आशी गारामी शिकवताना मांड्या आवळायचे वेगळे सांगावे लागत नाही. खांब स्थिर असतो आणि माणूस वळवळतो, एवढाच फरक त्याला पचवावा लागतो.

आयबीजेजेएफने २०२१ पासून नो-गी (गीविना) प्रकारात प्रौढ तपकिरी व काळ्या पट्ट्यांना हील हुकची मुभा दिली. गीमध्ये तो अजूनही वर्ज्य आहे. बंदीमागचे कारण दुखापतीच्या स्वरूपात आहे : गुडघ्याचे अस्थिबंध वेदना पुरती जाणवण्याआधीच फाटू शकतात. पकड अचानक सुटते तो क्षण सर्वांत धोक्याचा, कारण तिच्याविरुद्ध लावलेला सगळा जोर एकदम सांध्यावर येतो. म्हणून सरावात पकड तुटताच हल्लेखोराने थांबावे, टाच नुसती धरून ठेवावी आणि जोडीदाराने तेवढ्यावरच टॅप करावा, म्हणजे थाप मारून हार मानावी.