तेल-तूप सोडलं की गाठ उपाशी मरते?

‘कॅन्सरमध्ये तेल, तूप, शेंगदाणे बंद करा, चरबी गेली की गाठ उपाशी मरते’ हा मेसेज सोलापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात सत्याचा अंश आहे. चरबीच्या पेशी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. त्या लेप्टिन, व्हीईजीएफ असे रासायनिक संदेश रक्तात आणि आसपास सोडतात आणि त्यामुळे गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ पासून काही कॅन्सरांत वापरतात. पण ताटातलं तेल काढून हा संदेश थांबत नाही. खाणं तुटलं की आधी रुग्णाचेच स्नायू झिजतात आणि केमो झेपेनाशी होते.

पडताळायचंय? मेसेजमध्ये कोणता कॅन्सर, माणसांवर तपासलंय का, ते शोधा. रुग्णाचं वजन दर आठवड्याला लिहून डॉक्टरांना दाखवा. तोंड आलेलं नसेल, तर शेंगाचटणी-भाकरी खुशाल वाढा.