पाचारणाची पारख कोणी करायची?

मंडळीच्या तरुणांच्या शिबिरात हा प्रश्न हमखास निघतो: प्रभूने मला कुठल्या क्षेत्रात पाचारण केलंय, म्हणजे कुठल्या कामासाठी बोलावलंय? विचारणारा नुकताच बारावी झालेला असतो, नाहीतर आयटीतल्या नोकरीला कंटाळलेला तिशीतला. उत्तरही ठरलेलं: प्रार्थना कर, ज्या वाटेबद्दल मनाला शांती मिळेल ती धर. ख्रिस्ती परंपरेत मात्र एकट्याच्या मनावर एवढा भार सहसा टाकलेला दिसत नाही.

पहिल्या शतकात हा प्रश्न या रूपात नव्हताच. प्रेषित पौल राहुट्या करायचा. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला त्याच धंद्यातले, म्हणून त्यांच्याकडे उतरला. त्याच्या पत्रांतलं पाचारण प्रामुख्याने ख्रिस्ताकडे येण्याचं आहे, करिअर निवडण्याचं नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने ख्रिस्ती जीवनाच्या दोन पायऱ्या लावल्या: संसार सोडून देवसेवेला वाहून घेणाऱ्यांची वरची, शेती-व्यापार-संसार करणाऱ्यांची खालची. पुढे कित्येक शतकं पाचारण म्हणजे मठ किंवा याजकपद.

या उतरंडीला 1521 मध्ये धक्का बसला. जर्मनीतल्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपून राहिलेल्या, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथरने मठवासाच्या शपथांवर पुस्तक लिहिलं आणि ते वडिलांना अर्पण केलं. त्यामागे जुनं भांडण होतं. जुलै 1505 मध्ये श्टोटर्नहाइमजवळ वीज पडली, कायद्याचं शिक्षण घेणारा लूथर घाबरला आणि ‘संत अ‍ॅना, वाचव, मी संन्यासी होईन’ असं बोलून गेला. वडील हान्स यांनी मुलगा वकील होणार अशी गणितं मांडली होती. त्यांनी रोखठोक विचारलं, हा भास किंवा सैतानाची फसवणूक नसेल कशावरून? हा सवाल आपल्या मनात रुतून बसला, हे लूथरने अर्पणपत्रात लिहिलं आहे. पुढच्याच वर्षी त्याने विवाहावरच्या पुस्तकात सांगितलं, की बाप विश्वासाने बाळाची दुपटी धूत असेल तर लोक हसले तरी देव आणि देवदूत आनंदाने हसतात. घरकाम आणि धंदाही आता पाचारणात आले.

त्याच 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक बास्क सरदार, पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस, स्पेनमधल्या लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळला. शौर्यकथांची पुस्तकं मागितली तर घरात फक्त ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र होतं. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं: दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण मागून मन कोरडं पडतं, संतांसारखं जगायचा विचार केला की प्रसन्नता टिकून राहते. यातूनच त्याने आत्म्यांची पारख करण्याची, म्हणजे मनातली कुठली ओढ देवाकडून आहे आणि कुठली नाही हे ओळखण्याची, रीत बसवली. 1548 मध्ये छापलेल्या त्याच्या साधनेच्या पुस्तकात अगदी व्यवहारी युक्त्या आहेत. उदाहरणार्थ, हाच पेच घेऊन एखादा तिऱ्हाईत आला तर त्याला काय सांगाल? मरणघटकेला कोणता निर्णय घेतलेला असावा असं वाटेल? आणि ही साधना मार्गदर्शकाबरोबर करायची. इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला तोही केवळ मनाच्या कौलाने नव्हे, तर दुसरा सोबती बोबादिया आजारी पडला म्हणून, त्याच्या जागी.

प्रोटेस्टंटांकडेही पारख एकट्याची नव्हती. फ्रेंच धर्मसुधारक कॅल्विन 1536 मध्ये एका रात्रीपुरता जिनिव्हात थांबला होता. तिथला सुधारक उपदेशक फारेल याने, इथलं काम टाकून अभ्यासाला गेलास तर देव तुझ्या निवांतपणाला शाप देईल, असं धमकावल्यावर तो राहिला. इंग्लंडमधल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा विल्यम पर्किन्स याने तर लिहून ठेवलं, की आपला कल आणि कुवत पाहा, पण स्वतःच्या निवाड्यावर विसंबू नका, माणूस आपल्याकडे झुकतं माप टाकतो.

महाराष्ट्रात गोष्ट अडली ती वेगळ्याच ठिकाणी. ज्या स्थितीत पाचारण झालं त्यातच राहा, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन लूथरच्या परंपरेत धंद्याला लावलं गेलं. पण एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांची गावकीची कामं जन्मानेच ठरलेली होती. त्यांना हे वचन धंद्याच्या अर्थाने कसली सुवार्ता वाटणार? त्यांच्या मुलांना पर्याय दिसले ते मिशनच्या शाळेत. तिथून कोणी मास्तर झालं, कोणी उपदेशक, कोणी परिचारिका, कोणी बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल शिकवणारी. अडचण एवढीच, की बोलावणारा आणि पगार देणारा हात बहुधा एकच असे. मग पाचारण कुठलं आणि नोकरी कुठली, हे सांगणं कठीण. आपल्याकडे ‘सेवा’ म्हणजे चर्चचं पगारी काम हा समज अजून टिकून आहे, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

कवी नारायण वामन टिळकांनी ही गाठ आपल्यापुरती सोडवली. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशकं राबले. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळावा उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. 1919 मध्ये ते वारले, म्हणजे या नव्या वाटेवर त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली.