कोम्यो आणि कोकेन: दोघी 'सम्राज्ञी', पण पदं वेगळी

जपानच्या नारा काळाबद्दल वाचताना 'सम्राज्ञी कोम्यो' आणि 'सम्राज्ञी कोकेन' ही नावं शेजारी-शेजारी येतात आणि हमखास गल्लत होते. कोम्यो (७०१–७६०) ही सम्राट शोमूची 'कोगो', म्हणजे पट्टराणी. कोकेन (७१८–७७०) ही या दोघांची मुलगी आणि स्वतः 'तेन्नो', म्हणजे राज्याभिषेक झालेली सम्राट. आई कधी गादीवर बसली नाही. मुलगी कधी कोणाची राणी झाली नाही. ती अविवाहितच राहिली.

कोगोपद लग्नाबरोबर मिळत नसे, ते जाहीर व्हावं लागे. ७१६ मध्ये कोम्योचं लग्न झालं, ७२४ मध्ये नवरा सम्राट झाला, तरी ती 'बुनिन' या खालच्या दर्जावरच होती. कायद्याने सम्राटाला २ 'हि', ३ 'बुनिन' आणि ४ 'हिन' अशा राण्या असत. 'हि' राजकन्याच हवी, आणि कोम्यो तर फुजिवारा या सरदार घराण्यातली. ७२९ च्या आरंभी फुजिवारांचा प्रतिस्पर्धी राजपुत्र नागाया याला कटाच्या आरोपावरून जीव द्यावा लागला आणि त्याच वर्षी ती कोगो झाली. कायदेसंहिता आल्यापासून राजघराण्याबाहेरची ही पहिलीच.

खरी गल्लत ७४९ नंतरची. शोमूने गादी सोडली, कोकेन तेन्नो झाली. पण आईसाठी 'शिबी चूदाई' नावाची कचेरी उभी राहिली, तिच्यावर कोम्योचा भाचा नाकामारो, आणि बराच कारभार तिथूनच हाले. म्हणून त्या काळातला हुकूम कोणाचा, हे पदनाम पाहून ठरवावं. ७५२ मध्ये नारातल्या तोदाईजी मंदिराच्या महाबुद्धाचे डोळे भारतातून आलेल्या बोधिसेन या भिक्षूने रंगवले, तेव्हा तेन्नो होती कोकेन. ७५६ मध्ये शोमूच्या मृत्यूनंतर ४९ व्या दिवशी त्याच्या ६०० हून अधिक वस्तू आणि ६० औषधं (त्यांत मिरीही आहे) त्याच बुद्धाला वाहिली ती मात्र कोम्योने. तोदाईजीच्या 'शोसोइन' या भांडाराचा गाभा तोच.

कोकेनने ७५८ मध्ये गादी सोडली आणि ७६४ मध्ये परत घेतली. दुसऱ्या कारकिर्दीतलं तिचं नाव शोतोकू, त्यामुळे यादीत ४६ वी आणि ४८ वी सम्राट ही एकच बाई. कोम्योला त्या यादीत क्रमांकच नाही. तिच्या हातची, एका चिनी लेखाची ७४४ मधली नक्कल टिकून आहे. शेवटी सही आहे 'तो सान्ज्यो', फुजिवारांची तिसरी लेक. कोगो होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी सहीत माहेरच.