साल चांगलं, साल जाड

सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडलेल्या द्राक्षांची वाइन पुढच्या एप्रिलमध्ये पिंपातूनच चाखायची आणि तीस वर्षांनी ती कशी लागेल हे सांगून मोकळं व्हायचं, असा फ्रान्समधल्या बोर्दोचा रिवाज आहे. वाइन अजून बाटलीत गेलेलीही नसते, तरी तिला गुण मिळतात, भाव फुटतो, सौदे होतात. बारशाच्या दिवशीच बाळाचा म्हातारपणीचा स्वभाव सांगण्यातला हा प्रकार.

‘चांगलं साल’ ही कल्पना मात्र बोर्दोहून फार जुनी. इ. स. पूर्व १२१ मध्ये ल्युसियस ओपिमियस रोमचा कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, होता. राजकारणात ते वर्ष रक्तपाताचं गेलं, पण ऊन इतकं उत्तम पडलं की त्या सालची वाइन ‘ओपिमियन’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. जवळपास दोनशे वर्षांनी रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की ती अजून शिल्लक आहे, पण आटून कडसर मधासारखी झाली आहे आणि पाणी घातल्याशिवाय पिता येत नाही. म्हणजे टिकली होती खरी, पण मुरली होती का? आंब्याचं लोणचं मुरणं वेगळं आणि बरणीच्या तळाशी नुसतं उरणं वेगळं. वाइनचंही तसंच.

रोमनांनंतर हा शौक जवळजवळ संपला. मातीच्या घट्ट बंद कुंभांची जागा लाकडी पिंपांनी घेतली. अर्धवट रिकाम्या पिंपात हवा शिरते आणि वाइन आंबट होते. मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला जहाजं जायची ती शरद ऋतूत, नवी वाइन घेऊन. ती बंदरात उतरली की जुनीचा भाव पडायचा. आज जुन्या बाटलीसाठी लाखो मोजणाऱ्यांना हे उलटं वाटेल, पण शेकडो वर्षं बाजार असाच चालला.

फरक पडला तो बाटलीने. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली, कारण जहाजांना लाकूड हवं होतं. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली, काच जाड आणि मजबूत झाली. त्यात बूच आलं. अठराव्या शतकात बाटल्या सरळ अंगाच्या होऊ लागल्या, आडव्या रचता येऊ लागल्या. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. वाइन मुरवण्याचं सगळं शास्त्र या ओल्या बुचावर उभं आहे, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

पोर्तुगालच्या पोर्ट या गोड, कडक वाइनच्या व्यापाऱ्यांनी यातून शहाणा रिवाज काढला. ते दरवर्षी व्हिंटेज, म्हणजे एकाच सालाच्या नावाची वाइन, काढतच नाहीत. सुगीनंतर दुसरा वसंत येईपर्यंत थांबतात आणि वाइन तेवढ्या तोलाची वाटली तरच साल ‘जाहीर’ करतात. दहा वर्षांत साधारण तीनदा. बोर्दोला इतका धीर नाही.

तिथे सालाला इतकं महत्त्व का, ते हवामानात आहे. आपल्याकडे नाशिकला एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी करून वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. धास्ती असते ती अवकाळीची आणि गारपिटीची. बोर्दोत एप्रिल-मेमध्ये गोठवणारं दंव, जूनमध्ये फुलोऱ्यावर थंडी-पाऊस आणि सप्टेंबरात ऐन तोडणीला पुन्हा पाऊस. तिन्हींतून सुटलं ते चांगलं साल. कधीकधी संकटच कामी येतं. १९४५ च्या मेमध्ये कडाक्याचं हिम पडलं आणि पीक बसलं. १९६१ मध्ये फुलोरा गळाला. दोन्ही वर्षी वेलीवर मोजके घड उरले, पुढे ऊन मिळालं आणि विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम वाइनमध्ये या दोन सालांची गणना झाली.

मराठीत ‘साल’ शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि रेड वाइनमध्ये ते एकत्र येतात. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन, मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बीतून येतो. वर्षं जातात तशी टॅनिनं एकमेकांना चिकटून जड होतात, काही साका होऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. त्यावरून ठोकताळा पडला: आज जितकी तुरट, तितकी उद्या टिकाऊ.

या ठोकताळ्याने बोर्दोत १९७५ ला फसवलं. आधीची तीन सालं पडेल, त्यात तेलसंकटाच्या काळात बाजार कोसळलेला. सगळ्यांना चांगली बातमी हवीच होती. १९७५ ची द्राक्षं जाड सालीची, वाइन कठोर. ‘वीस वर्षं थांबा’ असं सांगितलं गेलं. लोक थांबले. अनेक बाटल्यांत फळाचा स्वाद आधी गेला आणि तुरटपणा मागे राहिला.

१९८२ ला उलटं झालं. साल उष्ण, पीक भरपूर, वाइन लहानपणीच मऊ आणि गोडसर. काही नावाजलेल्या समीक्षकांनी नाक मुरडलं: ही फार दिवस जगणार नाही. मेरीलँडचा वकील रॉबर्ट पार्कर १९७८ पासून स्वतःचं वाइनपत्रक काढत होता. त्याने हे साल थोर असल्याचं ठामपणे लिहिलं. पिकलेलं टॅनिन मऊ असतं, पण कमी नसतं, हे हळूहळू सगळ्यांना पटलं. त्या सालच्या अव्वल बाटल्या चाळिशीतही दमदार निघाल्या. पार्करचा दबदबा इथूनच वाढला. आणि त्याच्या शंभर गुणांच्या पट्टीने बोर्दोचे भाव पुढे कित्येक वर्षं हलवले, जे मला तितकंसं चांगलं वाटत नाही.

मुरण्याबद्दलचं भाकीत नीट तपासून पाहिल्याची उदाहरणं थोडीच. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे बोर्दो आणि कॅलिफोर्नियाच्या रेड वाइन नावं झाकून ठेवल्या. कॅलिफोर्नियाची १९७३ ची स्टॅग्ज लीप पहिली आली. फ्रेंचांचं म्हणणं पडलं की आमच्या वाइन अजून कोवळ्या आहेत, काही वर्षांनी बघा. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच सालांच्या त्याच वाइन लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या नापात पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे. पहिली आली १९७१ ची रिज माँटे बेलो, जी पॅरिसमध्ये पाचवी होती.